सांबराच्या खांद्यातली गोळी

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत मला अजूनही ‘बंदूकवाल्या काकू’ म्हणतात. मी निवृत्त झाले, पण ते नाव काही निवृत्त झालं नाही. कुणाकडे नवा जावई आला की माझी ओळख तशीच करून दिली जाते आणि जावई विचारतो, "म्हणजे तुम्ही पोलिसात होतात का?" पोलिसात नव्हते. सरकारी प्रयोगशाळेत होते. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुका, काडतुसं, गोळ्या आमच्याकडे सीलबंद यायच्या. कोणती गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली, बंदूक चालती आहे की नुसती लोखंडाची काठी, हे तपासून लिहून द्यायचं आणि बोलावणं आलं की कोर्टात जाऊन सांगायचं, एवढंच माझं काम.

माहेर पंचवटीतलं. वडील तीर्थोपाध्याय. परगावचे यजमान यायचे, गोदावरीवर त्यांचे विधी व्हायचे, जेवायला आमच्याकडे. चातुर्मासात घरात कांदा दिसायचा नाही. अशा घरातली मुलगी पदार्थविज्ञान शिकून बंदुका हाताळायला निघाली तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, "जिवंत प्राण्यावर नाही ना चालवायची?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग जा." धाकटा भाऊ दिगंबर वडिलांच्या गादीवर बसला. त्याच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

आमच्याकडे येणाऱ्या बंदुकांचा एक ठरलेला बचाव असायचा. ती साफ करताना आपोआप उडालेली असायची. बंदूक इतकी स्वच्छतेची भोक्ती असेल तर तिच्या नळीत कोळ्याची जाळी कशी, हे मात्र कुणी सांगत नसे. चांदवडकडच्या एका कांदेवाल्यानं तर सांगितलं की त्यानं रानडुकराला मारलेला छर्रा डुकराच्या खांद्यावर आपटून उलटा फिरला आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या मांडीत गेला. आम्ही हसलो. पण छर्रा भिंगाखाली धरला तर त्यावर खरंच आपटल्याची खूण होती, आणि खुणेत काळ्या दगडाची पूड. छर्रा उलटा फिरला होता, फक्त डुकरावरून नाही, बांधावरच्या दगडावरून. साक्ष झाल्यावर तो माझ्यामागे कोर्टाच्या पायऱ्या उतरत आला. "मॅडम, सजा व्हायची ती व्हवू द्या. पन डुकराला लागलाच नाय असं भर कोर्टात कशाला बोलल्या?"

असं हसण्यासारखं बरंच होतं. ज्या प्रकरणामुळे आजही दुपारी आडवं पडलं की उठून बसावंसं वाटतं, ते मात्र वेगळं आहे.

ते सांगण्याआधी गोळीबद्दल थोडं सांगते. लोकांना वाटतं गोळी म्हणजे सुई, समोर काहीही असो, आरपार. गोळीतलं शिसं खरं तर मऊ असतं, नखानंही ओरखडा उठतो. खेड्यात लपवून ठेवलेली ठासणीची बंदूक असते, तिची नळी आतून गुळगुळीत असते. तोंडातून दारू भरायची, वर शिशाचा गोळा, आणि ठासायचं. तो गोळा हळू जातो आणि हाडावर आपटला की चपटा होतो. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या चऱ्या असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, खूप वेगानं जाते. त्या वेगाला शिसं टिकत नाही म्हणून त्यावर तांब्याचं पातळ आवरण चढवलेलं असतं, आणि नळीतल्या चऱ्यांचे ओरखडे त्या आवरणावर उमटतात. आमचं सगळं शास्त्र त्या ओरखड्यांवर उभं आहे.

शिकारीच्या गोळीचं टोक मुद्दाम उघडं ठेवतात. मांसात शिरली की टोक पसरतं आणि जखम मोठी होते. पण सांबरासारख्या जनावराच्या पुढच्या पायाचं खांद्याजवळचं हाड लाटण्याहून जाड असतं, सांध्यापाशी तर माझ्या मुठीहून मोठं. गोळी पहिल्यांदा त्याच्यावरच आदळली तर टोक नको तितक्या लवकर फुटतं. आवरण सोलून निघतं, शिसं चुरा होऊन उडतं, हाडाच्या कपच्या होतात. बाहेरून जखम भयंकर दिसते, पण गोळीचा जोर तिथंच संपलेला असतो. काळीज त्या हाडाच्या मागे असतं, तिथवर काहीच पोचत नाही. जुने शिकारी म्हणत, खांदा फोडला की जनावर जागेवर बसतं. गोळी एकसंध राहिली तर बसतं. नाही राहिली तर ते तीन पायांवर चालू लागतं.

निवृत्तीला काही वर्षं उरली असतानाची गोष्ट. पेठच्या पुढच्या डोंगरातून वनखात्याचं एक पाकीट आलं. आत एका सांबराच्या खांद्यातून काढलेला शिशाचा वेडावाकडा गोळा होता, सोबत ठासणीची एक बंदूक. आरोपी हिरामण, डोंगरातला नागलीची शेती करणारा माणूस. मेलेल्या सांबराजवळ बंदूक आणि रक्तानं माखलेला कोयता घेऊन बसलेला सापडला होता. सांबराची मान कापलेली होती. पाठवणारे रेंजर शेवाळे, कडक आणि सरळ माणूस. प्रश्न एकच होता, हा गोळा या बंदुकीतून सुटला का?

गोळ्यावर ओरखडा नव्हता. शिसं थोडं कडक होतं, कारखान्यातल्या गोळीत असतं तसं. पण खेड्यात जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवून गोळे करतात, तेही कडकच निघतात. माझे वरिष्ठ म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही, असं लिहा आणि पाठवून द्या." शक्यता नाकारता येत नाही, हे आमच्या खात्याचं सर्वांत लाडकं वाक्य. खोटं कधीच ठरत नाही.

लिहिणारच होते. पण गोळ्याची एक बाजू मला सोडेना. बाकी सगळा चुरगळलेला, आणि एका बाजूला सपाट बूड, त्याला सरळ कड. गोल गोळा कितीही चेपला तरी त्याला असं बूड कुठून येणार? आवरण सोलून गेलेल्या रायफलच्या गोळीचा गाभा असा दिसतो. पण बुडाच्या एका कडेवरून मत देता येत नाही. आवरण हवं होतं, आणि ते असलंच तर त्या जनावराच्या खांद्यात होतं.

त्याच आठवड्यात हिरामणची बायको यमुना आमच्या फाटकाशी उभी राहू लागली. पक्षकारांना भेटायची आम्हाला मनाई असते. मी मान खाली घालून आत जायचे. एकदा तिनं गजांतून मोठ्यानं विचारलं, "बाई, त्या बंदुकीची दारू तुम्ही पाह्यली का? भिजेल व्हती ती. उडतच नव्हती. मंग मारला कशानं?"

वॉचमन तिला हाकलू लागला. मी थांबले नाही. पण जागेवर जाऊन नळी पुन्हा उघडली. दारूचा ओला, घट्ट बसलेला थर तळाशी तसाच होता. अर्थात तो नंतर भरला, असंही कुणी म्हणू शकलं असतं.

मी शेवाळेंना फोन केला. "खांद्याचं हाड पाठवा."

"मॅडम, जनावर पुरलंय."

"मग उकरा."

"परवानगी, पंच, डॉक्टर, सगळं पुन्हा करावं लागेल. आणि निघणार काय? आरोपी जागेवर सापडलाय."

"आरोपी सापडलाय. गोळी अर्धीच सापडलीये."

ते म्हणाले, "तुम्ही स्वतः येणार असाल तर करतो."

गेले. उतारावरची माती काढली तेव्हा पंचांपैकी एकानं तिथंच उलटी केली. मी तोंडाला साडीचा पदर घट्ट बांधून खड्ड्याशी बसले. पंचवटीतल्या भटजीच्या मुलीनं सांबराचा सडलेला पाय मांडीजवळ ओढून घ्यावा, हे तिथल्या कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही घरी आल्यावरच वाटलं.

हाड ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडे नेलं. तिथला मुलगा नवा होता. संगणकावर बोटं ठेवून म्हणाला, "पेशंटचं नाव?"

"सांबर."

"पूर्ण नाव सांगा, मॅडम."

फिल्म निघाली ती आम्ही दोघांनी उजेडासमोर धरली. हाडभर शिशाचे पांढरे कण, पाखडताना उडालेल्या कण्यांसारखे. आणि सांध्याजवळच्या जाळीदार भागात रुतलेली एक बारीक वळलेली रेघ. प्रयोगशाळेत हाड कापून ती काढली. तांब्याचं आवरण होतं ते, कांद्याचं साल सोलावं तसं गुंडाळलेलं. त्यावर चऱ्यांचे ओरखडे होते. गोळी रायफलची होती. गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीतून असे ओरखडे येऊच शकत नाहीत.

हाडात दुसरीही एक गोष्ट दिसली. फुटलेल्या कडा धारदार राहिल्या नव्हत्या, त्यांच्यावर नवं खरखरीत हाड धरू लागलं होतं. पशुवैद्यांना दाखवलं. ते म्हणाले, "गोळी लागल्यावर आठवडाभर तरी जगलंय हे." म्हणजे ते सांबर फुटलेला खांदा घेऊन त्या डोंगरात इतके दिवस हिंडत होतं. ज्यानं गोळी मारली तो मागं गेला नव्हता.

मी अहवाल लिहिला, हिरामणला जामीन मिळाला आणि शेवाळे रायफल शोधायला लागले. त्या डोंगराच्या पायथ्याशी अप्पासाहेबांचं फार्महाऊस होतं. मोठे द्राक्षबागायतदार, पिकाच्या रक्षणासाठी परवाना असलेली रायफल जवळ. आमच्याकडे ती तपासायला आली. पाकिटावरचं नाव वाचून मी पाकीट खाली ठेवलं. अप्पासाहेब आमच्या घराचे यजमान होते. त्यांच्या आजोबांचे विधी माझ्या आजोबांनी केले होते. मी वरिष्ठांना ते सांगितलं. ते म्हणाले, "नातेवाईक नाहीत ना? मग करा. दुसरं आहे कोण इथं?"

संध्याकाळी दिगू घरी आला. चहा घेतला नाही, उभाच राहिला.

"ताई, अप्पासाहेबांचा फोन होता."

"मला काही सांगू नकोस."

"मी कुठं काय सांगतोय? एवढंच म्हणतो, आपला माणूस आहे. बाबांच्या आजारपणात त्यांची गाडी दारात उभी असायची."

"आठवतंय मला."

"हल्ली यजमान राहिलेत किती, मला विचार कधी. लोक मोबाईलवर भटजी शोधतात."

"दिगू, जे दिसेल ते लिहीन. नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहीन."

तो गेला. मी त्याच्याशी नीट बोलले नाही, असं वाटत राहिलं. नीट म्हणजे कसं, ते अजूनही कळत नाही.

आता रायफल आणि आवरण जुळवायचं होतं. एरवी आम्ही संशयित बंदुकीतून कापसाच्या पेटीत गोळी झाडतो. ती न दुखावता मिळते. मग दोन्ही गोळ्या जोडसूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून ओरखड्यांच्या रेषा सलग होतात का पाहतो. पण इथं एक गोळी धड आणि दुसरी हाडावर आपटून सोललेली. तुलना कशी करणार? मी ठरवलं, चाचणीची गोळीही हाडातूनच जाऊ द्यायची.

सांबराचं हाड कुठून आणणार? जाड म्हणजे म्हशीचं. जुन्या नाशकातल्या एका खाटकाकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"सूप के लिए, मॅडम? नळी देऊ का?"

"खांदा पाहिजे. हाड, मांस, सगळं तसंच."

"कितने लोगों का है?"

"खायला नको. त्याच्यावर गोळी झाडायची आहे."

त्यानं सुरा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं. "मॅडम, ये तो पहलेही मर चुका है."

त्यानं दोन खांदे दिले आणि मी कुठल्या खात्यातली, हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

आमच्या गोळीबाराच्या खोलीत पुढे खांदा टांगला, मागे कापसाची पेटी. पहिल्याच बाराला ते जाड हाड मडक्यासारखं फुटलं. गोळी कापसात पोचलीच नाही. आवरण मांसात एकीकडे, शिसं दुसरीकडे. इतक्या वर्षांत कागदावर वाचलेलं डोळ्यांसमोर झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते फुटलेलं हाड बघून एकच मनात आलं, आता याच्यावर आठवडाभर चालायचं.

मिळालेली आवरणं आणि सांबराच्या खांद्यातलं आवरण मी कितीतरी दिवस भिंगाखाली फिरवत बसले. चऱ्यांची संख्या तीच, रुंदी तीच, पिळाची दिशा तीच. पण त्या जातीच्या रायफली जिल्ह्यात पुष्कळ. हीच रायफल, असं म्हणायला बारीक रेषा जुळायला हव्यात, आणि नेमक्या त्या हाडानं घासून टाकल्या होत्या. एका जागी मात्र काही रेषा इकडून तिकडे सलग गेल्या. मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन पाहिलं. सलगच होत्या. तुकडा जरासा फिरवला आणि पुढे सगळं विस्कटलं. त्या चार रेषांवर किती वेळा परत आले, सांगता येणार नाही. त्या जुळाव्यात असं मला वाटत होतं, आणि वाटत होतं म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा राहिना. शेवटी लिहिलं, ‘निश्चित मत देता येत नाही.’

शेवाळे येऊन समोर बसले. "मॅडम, या एका ओळीसाठी मी खड्डा उकरला?"

"खड्डा उकरलात म्हणून हिरामण बाहेर आहे."

"आणि आत कोण आहे?"

माझ्या मनात आणखी एक गोष्ट खुपत होती. गोळीची हाडातली वाट तिरकी होती, समोरून बाहेरच्या अंगानं आत. जनावर आडवं उभं असतं तर अशी लागली नसती, सरळ समोर असतं तरीही नाही. मी ते अहवालात लिहिलं. पण त्यावरून कुणी काही विचारलं नाही.

खटला चालला तेव्हा माझी साक्ष तासाभरात संपली. गोळी हिरामणच्या बंदुकीची नव्हती, एवढं कोर्टानं मानलं. बिनपरवाना बंदूक आणि सांबराची मान कापणं हे दोन गुन्हे राहिले. त्यांच्यासाठी, तुरुंगात काढले तेवढे दिवस पुरे, असा निकाल लागला. अप्पासाहेबांवर खटला भरण्याइतका पुरावाच नव्हता. तोवर मी निवृत्त झाले होते. त्यामुळे निकालाच्या दिवशी पहिल्यांदाच हिरामणशी बोलू शकले.

कोर्टाच्या आवारात तो आणि यमुना वडापाव खात बसले होते. मी विचारलं, "मान का कापलीस?"

त्यानं यमुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग ना. आता काय व्हतंय."

"नाल्यात बसेल व्हता तो, बाई. उठाया बघं अन् परत पडं. खांद्यात किडं झालेलं. दोन रोज त्याच्या मागं व्हतो मी, रगत पाहत. बंदूक लावली तं उडंना. मंग कोयता घेतला. डोळं उघडं व्हतं त्याचं, सोडून येऊ कसा?"

"आणि मटण?"

"खानार व्हतो. खोटं कशाला बोलू?" त्यानं वडापावचा कागद घडी करून खिशात ठेवला. "पन ज्यानं गोळी घातली त्यानं मागं जाया पाह्यजे व्हतं. त्याचं काम व्हतं ते."

पुढच्या श्रावणात दिगूनं जेवायला बोलावलं. अप्पासाहेबांच्या सुनेला मुलगा झाला होता, त्यांचा अभिषेक होता. मी जायला नको होतं, पण भावाकडे जायचं नाही असं किती दिवस करणार? जेवणं झाली. आम्ही तिघंच ओटीवर होतो, मी, दिगू आणि अप्पासाहेब. त्यांनी पानाचा विडा तोंडात टाकला आणि हात जोडले.

"ताई, तुमचे उपकार विसरणार नाही."

"मी काही उपकार केले नाहीत."

"तुम्ही तसंच म्हणणार. तुम्ही धरलं असतं तर मेलोच होतो. आपलं माणूस तिथं होतं म्हणून." मग जरा जवळ सरकले. आवाजात लाज नव्हती, उलट हातचा सामना गेलेल्या माणसाची हळहळ होती. "आता रिटायर झालात म्हणून विचारतो. चांगली गोळी होती हो. तोंड माझ्याकडं होतं त्याचं, छातीवर धरली होती. बार टाकला अन् नेमकं वळलं. तरी खांद्यात बसली. मग पडलं का नाही?"

ती तिरकी वाट मला एका क्षणात समजली. जनावर समोर होतं आणि वळलं. हे माझ्या अहवालात नव्हतं, कोर्टात कुणी बोललं नव्हतं. ते फक्त रायफलमागे उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असणार.

मी म्हणाले, "हाडावर गोळी फुटली, म्हणून पडलं नाही. तुम्ही मागे का गेला नाहीत?"

ते हसले. "अंधार पडत होता. कुठं जायचं डोंगरात?"

दिगू सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेवाळेंकडे गेले आणि ऐकलेला शब्दन्‌शब्द लिहून दिला. त्यांनी दोनदा वाचलं. "तिथं आणखी कोण होतं?" मी भावाचं नाव सांगितलं. ते पंचवटीत जाऊन आले. दिगूनं सांगितलं, मी सुपारी कातरत होतो, माझं लक्ष नव्हतं, मी काही ऐकलं नाही.

शेवाळे मला म्हणाले, "एकट्या तुमच्या शब्दावर वकील पाच मिनिटं टिकू देणार नाही. म्हणेल, अहवालात जमलं नाही म्हणून आता गोष्ट रचली."

मी दिगूला फोन केला नाही, त्यानंही केला नाही. घरात मी इकडून तिकडे फिरत राहायचे. भाजी चिरायला घ्यायची आणि अर्धी टाकून उठायचं. नवरा म्हणायचा, "बस ना जरा." बसले की ते नाल्यात उठायला बघणारं जनावर दिसायचं. माणसाची कितीतरी प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली, खुनाची, दरोड्याची. तेव्हा झोप लागायची, मग आताच असं का, हे मलाही नीट सांगता यायचं नाही. तेव्हा माझ्याकडे फक्त गोळी असायची. या वेळी माणूस स्वतः बोलला होता, आणि तो माझ्या भावाच्या ओटीवर बसून बोलला होता.

अप्पासाहेबांच्या कानावर माझा जबाब गेलाच. त्यांनी दिगूला काही विचारलं नाही, की तो आपल्या बाजूनं राहिला हेही बघितलं नाही. गणपती झाल्यावर त्यांच्या घरचं श्राद्ध होतं. ते दुसऱ्या गुरुजींनी केलं. तीन पिढ्यांचं घर सुटलं. हे मला दिगूच्या बायकोनं फोनवर सांगितलं. तिच्या बोलण्यात माझ्यावर राग होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

गेल्या भाऊबीजेला तो येईल असं वाटलं नव्हतं. तरी मी पाट मांडला होता. तो आला. सोवळ्यात नव्हे, साधा शर्ट घालून. पाटावर बसला. मी निरांजन लावलं, कुंकू लावायला वाकले, तर त्यानं माझा हात धरला.

"ताई, आधी ऐक. मी ऐकलं होतं. ‘नेमकं वळलं’ म्हणाले ते. सगळं ऐकलं होतं."

मी कुंकवाचं बोट तसंच धरून उभी राहिले. "आता कशाला सांगतोस?"

"न सांगता ओवाळून घेववेना."

मी त्याला ओवाळलं. लाडू दिला. तो खात असताना चप्पल घातली. नवरा म्हणाला, "अगं, आज सणाचं कोण भेटणार?" मी म्हटलं, भेटेल तो भेटेल. उद्यावर गेलं असतं तर दिगू पुन्हा सुपारी कातरायला बसला असता, अशी मला भीती होती.

शेवाळे त्यांच्या बहिणीची वाट पाहत घरीच होते. आम्हाला पाहून त्यांनी फराळाचं ताट बाजूला सारलं, कागद घेतला आणि दिगू सांगेल तसं लिहू लागले. दिगूनं कुठं कोण बसलं होतं, काय बोलणं झालं, माझा प्रश्न, अप्पासाहेबांचं उत्तर, सगळं नीट सांगितलं. श्लोक म्हणावा तसं, न अडखळता. माझ्या जबाबात आणि त्याच्यात शब्दाचाही फरक नव्हता.

शेवाळेंनी विचारलं, "गुरुजी, मी आलो होतो तेव्हा हे का सांगितलं नाहीत?"

दिगूनं माझ्याकडे पाहिलं. कोर्टातल्या साक्षी मी आयुष्यभर ऐकल्या आहेत. बोलण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, आठवायला वेळ लागला, घाबरलो होतो, यांतलं काहीही चाललं असतं. तो म्हणाला, "तेव्हा ते माझे यजमान होते."

शेवाळेंचं पेन थांबलं. यजमान सुटले म्हणून गुरुजी उलटले, हेच अप्पासाहेबांचा वकील म्हणणार. या एका वाक्यात सगळा जबाब वाहून जाईल, हे मला दिसत होतं आणि शेवाळेंनाही.

"असंच लिहू?" त्यांनी मला विचारलं, दिगूला नाही.

"तो म्हणाला तसं लिहा," मी म्हणाले.